‘अ पीस ऑफ केक’ : सोपं, पण कुणासाठी?



इंग्रजीच्या वहीत ‘ईडियम्स अँड फ्रेजेस’ नावाची एक यादी असते. डाव्या बाजूला वाक्प्रचार, उजव्या बाजूला अर्थ. त्या यादीत ‘अ पीस ऑफ केक’ बहुतेक वेळा असतोच आणि त्याच्यासमोर लिहिलेलं असतं, ‘व्हेरी ईझी’, म्हणजे खूप सोपे. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात, एक गुण मिळतो आणि विषय संपतो.

माझ्या मते ‘खूप सोपे’ हा या वाक्प्रचाराचा अर्धाच अर्थ आहे. कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि ते काम कुणाला करायचंय, हे कळल्याशिवाय उरलेला अर्धा हाती लागत नाही. तो अर्धा आपण शिकवत नाही. त्यामुळे मुलांना शब्द येतो, पण वापरता येत नाही. कधी कधी तर तो नको तिथे वापरला जातो आणि समोरच्याला लागतो. चला तर मग, आज हा एकच वाक्प्रचार नीट उलगडून पाहूया.

शब्दशः पाहिलं तर

‘पीस’ म्हणजे तुकडा आणि केक तर आता प्रत्येकाला माहीत आहे. केकचा तुकडा खायला कसले कष्ट? तो आधीच भाजलेला असतो, कापलेला असतो, बशीत घालून हातात दिलेला असतो. आपण फक्त तोंड उघडायचं. म्हणून ज्या कामाला काहीच श्रम पडत नाहीत, ते काम ‘अ पीस ऑफ केक’.

सोप्या कामाला खाण्याची उपमा देणं ही एकट्या इंग्रजीची सवय नाही. स्पॅनिशमध्ये सोप्या कामाला ‘खाऊन झालेला पाव’ म्हणतात. पोलिशमध्ये ‘लोणी लावलेला पाव’. कोरियन भाषेत ‘आडवं पडून तांदळाचा केक खाणं’ असा वाक्प्रचार आहे. जपानी माणूस ‘सकाळच्या जेवणाआधीचं काम’ म्हणतो, म्हणजे उपाशीपोटीसुद्धा उरकेल इतकं हलकं. फ्रेंचमध्ये तर थेट केकच आहे.

पण एक गोष्ट इथेच ध्यानात ठेवा. केक खाणाऱ्याला सोपा असतो. ज्याने मैदा चाळला, मिश्रण फेटलं, भट्टीसमोर उभं राहून तो भाजला, त्याला तो सोपा नव्हता. पुढे आपल्याला हे उपयोगी पडणार आहे.

हा वाक्प्रचार रुळला कसा?

१९३० च्या दशकात ऑग्डेन नॅश या अमेरिकन कवीच्या गमतीदार ओळींमध्ये तो दिसतो. पण तो घराघरांत पोचला दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. ब्रिटनच्या हवाई दलातले, म्हणजे रॉयल एअर फोर्सचे तरुण वैमानिक आपसांत बोलताना तो सारखा वापरत. मोहीम सोपी गेली की ‘पीस ऑफ केक’.

आता गंमत बघा. ‘मटिल्डा’ आणि ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ लिहिणारे रोआल्ड डाल तुमच्यापैकी अनेकांना माहीत असतील. ते या हवाई दलात वैमानिक होते. सप्टेंबर १९४० मध्ये उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांचं विमान कोसळलं. डोक्याला जबर मार लागला आणि काही काळ त्यांची दृष्टीही गेली. पुढे या अनुभवावर त्यांनी एक लेख लिहिला आणि त्याला नाव दिलं ‘अ पीस ऑफ केक’! १९४२ मध्ये तो अमेरिकेतल्या ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकात छापून आला, तेव्हा संपादकांनी नाव बदलून ‘शॉट डाऊन ओव्हर लिबिया’ असं केलं. खरं तर ते विमान शत्रूने पाडलेलं नव्हतंच. १९४६ साली त्यांचा ‘ओव्हर टू यू’ हा कथासंग्रह आला, त्यात त्यांचं मूळ नाव परत आलं.

जीव जाता जाता वाचला, त्या प्रसंगाला ‘केकचा तुकडा’ म्हणायचं! वहीतला ‘खूप सोपे’ हा अर्थ इथे लावून बघा. बसतच नाही. काम भयंकर होतं, पण म्हणणारा स्वतः त्यातून गेला होता. भीती झाकायला, थोडं हसायला त्याने हा शब्द घेतला. स्वतःच्या संकटाला हलकं म्हणायचा हक्क त्याला होता. हेच शब्द दुसऱ्या कुणी त्याला ऐकवले असते, तर कसे वाटले असते?

वाक्यात तो कसा बसतो?

आधी व्याकरण बघून घेऊ, कारण मुलांच्या चुका इथेच जास्त होतात.

१) ज्याला सोपं म्हणायचंय ते काम आधी येतं. ‘द टेस्ट वॉज अ पीस ऑफ केक.’ चाचणी सोपी होती. ‘आय ॲम अ पीस ऑफ केक’ असं म्हणायचं नाही, त्याने आपणच केकचा तुकडा होतो.

२) कामं अनेक असली तरी तुकडा एकच राहतो. ‘ऑल द सम्स वेअर अ पीस ऑफ केक.’ इथे ‘पीसेस’ करायचं नाही.

३) ‘व्हेरी पीस ऑफ केक’ किंवा ‘मोअर पीस ऑफ केक’ होत नाही. सोपेपणा त्यात आधीच पुरेपूर भरलेला आहे.

४) मध्ये ‘द’ घातला की अर्थ पालटतो. ‘पीस ऑफ द केक’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटा आठवतो, म्हणजे फायद्यातला हिस्सा.

५) उत्तर म्हणून नुसतं ‘पीस ऑफ केक!’ एवढंही चालतं. कुणी विचारलं, ‘सायकलचं पंक्चर काढता येईल का तुला?’ की चुटकी वाजवून म्हणायचं, ‘पीस ऑफ केक!’

६) स्पेलिंग जपा. तुकड्याच्या ‘पीस’मध्ये आय आणि ई येतात. ई आणि ए लिहिलंत तर तो शांततेचा ‘पीस’ होईल आणि शांततेचा केक अजून कुणी भाजलेला नाही.

७) सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेवटी ‘फॉर’ जोडता येतो. ‘इट इज अ पीस ऑफ केक फॉर हर.’ तिच्यासाठी ते सोपं आहे. हा ‘फॉर’ छोटा आहे, पण माझा सगळा मुद्दा त्याच्यावरच उभा आहे.

प्रसंग चार, मराठी अर्थही चार

यादीत एक अर्थ लिहिला की आपल्याला वाटतं, भाषांतर झालं. पण आपली माणसं बोलतात कशी, ते बघा.

काम करण्याआधी, स्वतःबद्दल खात्री असेल तेव्हा ‘पीस ऑफ केक’ म्हणजे ‘चुटकीसरशी होईल’.

काम करून दिल्यावर समोरचा म्हणतो, ‘फार त्रास झाला असेल ना तुम्हाला?’ तेव्हा ‘पीस ऑफ केक’ म्हणजे ‘अहो, त्यात काय एवढं!’ इथे सोपेपणा सांगायचा नसतोच. समोरच्याच्या मनावरचं ओझं उतरवायचं असतं. ही नम्रता आहे.

मित्र उद्याच्या तोंडी परीक्षेला घाबरलाय. त्याचा अभ्यास झालाय हे तुम्हाला पक्कं माहीत आहे. तेव्हा पाठीवर हात ठेवून म्हटलेलं ‘पीस ऑफ केक’ म्हणजे ‘जमेल रे, काळजी नको करूस’.

आणि चौथा प्रसंग म्हणजे टोमणा. भर पावसात गुडघाभर चिखलातून जड पोती वाहून आणलेला माणूस घाम पुसत म्हणतो, ‘ओ येस, पीस ऑफ केक!’ म्हणजे ‘हो, अगदी गंमतच होती!’ शब्द तेच, अर्थ बरोबर उलटा.

आता सांगा, ‘खूप सोपे’ या दोन शब्दांत यातलं किती मावतं?

कुठे वापरू नये?

हा वाक्प्रचार अनौपचारिक आहे. घरी, मैदानावर, मित्रांशी बोलताना शोभतो. अर्जात, निबंधाच्या गंभीर भागात, मुख्याध्यापकांना लिहिलेल्या पत्रात शोभत नाही. तिथे साधं ‘ईझी’ किंवा ‘सिंपल’ लिहावं.

नोकरीच्या मुलाखतीत तर जपूनच. ‘हे काम जमेल का?’ या प्रश्नाला ‘पीस ऑफ केक’ असं उत्तर दिलं, तर समोरच्यांना आत्मविश्वासापेक्षा फाजीलपणा जास्त ऐकू येतो. त्यांच्या कामाला आपण हलकं लेखलं असं त्यांना वाटतं.

याचे भाऊबंदही ओळखून ठेवा. ‘केकवॉक’ हा शब्द आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं एकतर्फी सामन्यासाठी, सोप्या निवडणुकीसाठी सर्रास वापरतात. त्याची गोष्ट मात्र हलकी नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दक्षिण भागात, मळ्यांवर गुलाम म्हणून राबणारे कृष्णवर्णीय लोक मालकांच्या ऐटदार चालीची नक्कल करत जोडीजोडीने नाचत. जिंकणाऱ्या जोडीला केक बक्षीस मिळे, म्हणून तो केकवॉक. ‘टेक्स द केक’चा सोपेपणाशी काहीच संबंध नाही. ‘आता मात्र कहर झाला’ असं म्हणायचं असतं, तेव्हा तो येतो. तिन्हींत केक आहे म्हणून तिन्ही एका ओळीत पाठ करू नका.

आणखी एक फसवा जोडीदार म्हणजे ‘चाइल्ड्स प्ले’. इंग्रजीत त्याचा अर्थ अगदी सोपं काम. त्याचं शब्दशः मराठी ‘पोरखेळ’. पण ‘काय पोरखेळ लावलाय?’ असं आपण म्हणतो, तेव्हा सोपेपणा नाही, बेजबाबदारपणा दाखवत असतो.

‘हातचा मळ’ आणि केकचा तुकडा

मराठीत आपण याला ‘हातचा मळ असणे’ हा वाक्प्रचार जोडीला देतो. जोडी चांगली आहे, पण दोघांत एक फरक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

‘हातचा मळ’ म्हटलं की लगेच प्रश्न येतो, कुणाच्या हातचा? ‘भाकरी करणं हा आजीच्या हातचा मळ आहे.’ या वाक्यात आजीचा हात आहे. त्या हाताने वर्षानुवर्षं ज्वारीचं पीठ मळलंय, परातीत भाकरी थापलीय, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलंय, चटके सोसलेत. म्हणून तिची भाकरी टम्म फुगते. मराठी वाक्प्रचार आपल्याला माणूस विसरू देत नाही.

‘मेकिंग भाकरी इज अ पीस ऑफ केक’ या वाक्यात मात्र आजी नाही. नुसती भाकरी आहे आणि ती सोपी आहे! आता पहिल्यांदाच परातीसमोर बसलेल्या मुलीला हे वाक्य ऐकवा. तिची भाकरी कडेने चिरते, उचलताना तुटते, तव्यावर जाईपर्यंत तिचे दोन तुकडे होतात. तिच्या मनात काय येईल? ‘एवढी सोपी गोष्टही मला येत नाही.’ भाकरी अवघड आहे, हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. मग दोष कुणाचा ठरला? तिचाच.

म्हणून ‘फॉर’ महत्त्वाचा. ‘फॉर माय ग्रँडमदर’ एवढं जोडलं की वाक्य खरं होतं.

वर्गातलं ‘सोप्पं आहे’

आता मूळ मुद्द्यावर येते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. सेमी-इंग्रजीत गणित आणि विज्ञानही इंग्रजीतून असतं. म्हणजे मूल घरात न ऐकलेल्या भाषेत अपूर्णांक शिकत असतं. अशा वेळी फळ्यावर उदाहरण लिहिताना वर्गात एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘हे तर एकदम सोप्पं आहे!’ इंग्रजी शाळेत तेच ‘पीस ऑफ केक, चिल्ड्रन!’ होतं.

हेतू चांगला असतो. भीती घालवायची असते. पण कुणासाठी सोपं? वीस वर्षं तेच उदाहरण सोडवणाऱ्यासाठी. ज्याला ते लगेच सुटतं, त्याला या वाक्याची गरज नसते. ज्याला सुटत नाही, त्याला या वाक्यातून दोन गोष्टी कळतात. एक, हे सगळ्यांना येतं. दोन, मला येत नाही. मग तो हात वर करत नाही. जी गोष्ट सोपी आहे असं जाहीर झालंय, ती ‘परत सांगा’ म्हणायला फार धीर लागतो. अवघड गोष्ट विचारण्यात कमीपणा नसतो, सोपी गोष्ट विचारण्यात वाटतो. शेवटच्या बाकावरची शांतता कधी कधी अशीच तयार होते.

घरीही हेच. ‘एवढं सोपं येत नाही तुला?’ हे वाक्य कोणत्या घरात ऐकू येत नाही?

कुणी म्हणेल, ‘मॅडम, एका वाक्प्रचाराचं किती ताणताय? मुलांना धीर द्यायचाच नाही का?’ द्यायचा, जरूर द्यायचा. वरच्या तिसऱ्या प्रसंगात मित्राने दिलाच आहे. पण त्याने मित्राची तयारी आधी पाहिली होती. ज्याचा पाया कच्चा आहे, त्याला ‘सोपं आहे’ या शब्दांनी धीर येत नाही. त्याला ‘पहिल्यांदा अवघड जातं, दोनदा करून बघ, मी इथेच आहे’ असं म्हटलं की येतो. इंग्रजीतच हवं असेल तर ‘इट टेक्स प्रॅक्टिस’ हे तीन शब्द पुरेत. आणि मुलाने ते उदाहरण स्वतः सोडवलं की त्यालाच म्हणू द्या, ‘पीस ऑफ केक!’ त्या वेळी तो केक त्याने स्वतः भाजलेला असतो.

मग शिकवायचं कसं?

माझी सूचना साधी आहे. वाक्प्रचारांच्या यादीत दोन रकान्यांऐवजी चार करा. वाक्प्रचार, अर्थ, कोण कुणाला म्हणतो आणि कुठे म्हणू नये. आठवड्याला दहा वाक्प्रचार पाठ करून घेण्यापेक्षा दोनच घ्या, पण या चारही रकान्यांसह. माझ्या वर्गात मी मुलांच्या जोड्या करते आणि प्रत्येक जोडीला एक प्रसंग देते. त्यांनी बोलून दाखवायचं. कुठे शब्द शोभतो आणि कुठे टोचतो, हे त्यांना बोलतानाच कळतं.

थोडा सराव

खालील प्रसंगांत ‘पीस ऑफ केक’ चालेल का, ते ठरवा. आधी स्वतः विचार करा, मग उत्तर वाचा.

१) शेजारच्या काकूंचा मोबाइल तुम्ही सुरू करून दिला आणि त्या आभार मानतायत.
चालेल. अर्थ, ‘त्यात काय एवढं, काकू!’

२) बहीण तासभर एकाच गणितावर अडकली आहे आणि तुम्ही वही बघून म्हणता, ‘धिस इज अ पीस ऑफ केक.’
नको. शब्द बरोबर आहेत, वेळ चुकीची आहे.

३) शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहायचंय की हा अभ्यासक्रम तुम्हाला झेपेल.
नको. अर्जाची भाषा औपचारिक असते.

४) पोहायला शिकताना महिनाभर नाकातोंडात पाणी गेलं. आज तुम्ही विहिरीचे दोन फेरे मारलेत आणि मित्र विचारतोय, ‘कसं वाटलं?’
खुशाल म्हणा! हक्काने म्हणा.

५) पोहायला घाबरणारा लहान भाऊ विहिरीच्या काठावर उभा आहे.
आधी त्याला पोहायला शिकवा. शब्द नंतर.

शिक्षकांनो, उद्या हा वाक्प्रचार वर्गात घ्याल तेव्हा फळ्यावर ‘व्हेरी ईझी’ जरूर लिहा. त्याच्या पुढे एक प्रश्नचिन्ह काढा आणि मुलांना विचारा, ‘फॉर हूम?’ कुणासाठी? उत्तरं येऊ द्या. ‘केकचा तुकडा’ त्यांना त्यातून कळेलच, आणि दुसऱ्याला अवघड जाणाऱ्या कामाबद्दल बोलताना जीभ जरा सांभाळायची असते, हेही कळेल. इंग्रजीच्या तासाला एवढं शिकून झालं, तर तो तास सार्थकी लागला असं मी म्हणेन.